जाळं कधी लावायचं?



गेल्या खेपेला आपण चंद्राच्या कला पाहिल्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पंधरा दिवसांचे चंद्र वहीत काढून पाठवले. पोचले बरं का सगळे! आज त्याच चंद्राच्या मदतीनं आपल्याला मासे धरायला जायचंय. नदीवर नाही, खाडीवर. सातारा-सांगलीच्या मुलांचा खाडीशी काय संबंध, असं म्हणू नका. थोडं थांबा. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे.

त्याचं असं झालं. चौथीच्या वर्गाला मी भरती-ओहोटी शिकवत होते. फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, निळ्या खडूनं समुद्र रंगवला. आमचं गाव कृष्णाकाठी, कराडच्या खाली आणि सांगलीच्या वर. वर्गात छत्तीस मुलं, त्यातली समुद्र पाहिलेली चारच. बाकीच्यांना समुद्राचं पाणी रोज पुढे येतं नि मागे जातं हे खरंच वाटेना. "बाई, मग आपली नदी का नाही जात मागं?" असंही एकीनं विचारलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी आजोबांपासून नदीवर मासेमारीचा धंदा. एरवी वर्गात तोंड उघडत नाही. गणितात कच्चा, शुद्धलेखनात त्याहून कच्चा. तो म्हणाला, "बाई, पाणी मागारी गेल्यावर मासं बी मागारी जात्यात न्हवं? मग तितली माणसं जाळं कवा लावत्यात? पाणी येताना का जाताना?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं. डी.एड.च्या पुस्तकात चंद्राचं आकर्षण होतं, जाळं नव्हतं. मी त्याला सांगितलं, "सुट्टीत जाऊन बघून येते, मग सांगते."

आणि मे महिन्यात खरंच गेले. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर चिपळूणच्या पुढे, दाभोळच्या खाडीकाठी आहे. कराडहून एसटी निघाली की पाटण लागतं, मग कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. घाट उतरला की पोफळी. इथं वीजघर आहे. कोयना धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून इकडे खाली येतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठी नदीत जातं. वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते.

आता नकाशा काढा आणि बोट ठेवा. तापोळा-बामणोलीच्या डोंगरांवर पडलेला पाऊस कोयना धरणात येतो. त्यातलं काही पाणी कोयना नदीतून कराडला येतं, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, सांगलीवरून जातं आणि थेट बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतं. उरलेलं बोगद्यातून पश्चिमेला, दाभोळच्या खाडीत. एकाच डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांना जातो! कळलं ना आता, खाडी आपली कोण लागते ते?

खाडी म्हणजे काय, तेही सांगते. नदीच्या मुखातून समुद्राचं पाणी जिथवर आत शिरतं, तिथवर खाडी. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी इथं मिसळतं. त्याला निमखारं पाणी म्हणतात. काठाच्या चिखलात कांदळवन असतं, म्हणजे मुळं वर काढून उभी असलेली झाडं. त्या मुळांच्या जाळीत माशांची पिल्लं लपतात, खातात, वाढतात. मोठ्या माशाला तिथं शिरता येत नाही. पिल्लांची बालवाडीच म्हणा ना!

बाईंचे काका खाडीवर मासेमारी करतात. मी त्यांना विचारलं, "उद्या किती वाजता जायचं?" ते म्हणाले, "घड्याळ नको बाई, पंचांग बघा. तिथी कोणती?" तिथी होती प्रतिपदा, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची. "मग भरती पाऊण वाजता," काका म्हणाले.

हे गणित पाठ करून ठेवा. आपल्या कोकणपट्टीवर तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. तुमच्या आजी-आजोबांना पाउणकी पाठ असेल, विचारा त्यांना. पाऊण एकं पाऊण, पाऊण दुणे दीड, पाऊण त्रिक सव्वादोन, पाऊण चोक तीन. म्हणजे प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि मग पुन्हा भरती. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं, म्हणून हा अंदाजच समजायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार कमी असतो, तो भांग.

पहाटे ओहोटीला आम्ही चिखलात उतरलो. काका आणि त्यांच्या मुलानं कांदळवनाच्या पुढे ओळीनं खुंट रोवले. खुंटांच्या बुडाशी लांबलचक जाळं पसरलं, त्याची खालची कड चिखलात घट्ट दाबली आणि बाकीचं जाळं तिथंच दुमडून ठेवलं. मला वाटलं, आता जाळं उभं करतील. छे! तसंच टाकून घरी आले, भाकरी खाल्ली आणि पडवीत झोपले.

दुपारी एकच्या सुमाराला खाडी काठोकाठ भरली. आमचे खुंट जेमतेम वर दिसत होते. पाण्याबरोबर मासेही कांदळवनात शिरले होते, चिखलावरचं शेवाळ आणि किडे खायला. तेव्हा काका होडी घेऊन गेले, दुमडलेलं जाळं वर ओढलं आणि खुंटांना बांधलं. मासे आत, जाळं बाहेर! पाणी उतरू लागलं तसे मासे परत फिरले आणि जाळ्याशी अडले. साडेपाचला पाणी ओसरलं तेव्हा चिखलात चांदीच्या पट्ट्या चमकत होत्या. बोय होते, काळुंदर होते, थोडी कोळंबी होती.

म्हणजे आमच्या वर्गातल्या पठ्ठ्याच्या प्रश्नाचं उत्तर काय? जाळं ठेवायचं ओहोटीला, उभं करायचं भरतीला आणि मासे वेचायचे पुन्हा ओहोटीला. माशामागे कुणीही धावलं नव्हतं. मासा कधी येतो आणि कधी जातो, एवढं माहीत होतं.

खाडीवरच्या बाकीच्या युक्त्याही अशाच आहेत. डोल जाळं मोठ्या पिशवीसारखं असतं, तोंड रुंद आणि शेपूट निमुळतं. ते वाहत्या पाण्यात तोंड करून बांधतात. ओढीबरोबर कोळंबी आणि बारीक मासे आपोआप शेपटात जमतात. कांडाळी म्हणजे पाण्यात उभी केलेली जाळ्याची भिंत. माशाचं डोकं भोकातून जातं, अंग जात नाही, आणि मागे सरायला गेला की कल्ले अडकतात. जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. आस मोठा असला की पिल्लं सुटून जातात. बारीक असला तर सगळंच अडकतं.

पाग मात्र हातानं फेकायचं. गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. अर्धं खांद्यावर, अर्धं हातावर घ्यायचं, कमरेत वळायचं आणि असं झोकायचं की पाण्यावर ते भाकरीसारखं गोल पडलं पाहिजे. सूर्य पाठीशी असला तर आपली सावली पाण्यावर पडते आणि मासे पळतात, म्हणून उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं. मीही एकदा फेकून पाहिलं. जाळं गोल पडलं नाही, मी मात्र चिखलात गोल पडले! काकांच्या नातवंडांना दोन दिवस हसायला विषय मिळाला.

त्या संध्याकाळी जाळ्याशी एक गंमत झाली. पाणी उतरताना लांब, चकचकीत, दुभंगलेल्या शेपटीचा एक मासा जाळ्याजवळ आला, थबकला आणि सरळ जाळ्यावरून उडी मारून पलीकडे गेला. त्याच्यासारखाच एक मात्र आत राहिला. इंग्रजीत याला मिल्कफिश म्हणतात, आपण दूधमासा म्हणू. याच्या तोंडात दातच नाहीत. खातो मुख्यतः शेवाळ. गळाला गांडूळ लावून दिवसभर बसलात तरी हा बहुधा ढुंकूनही बघणार नाही! हा जन्मतो समुद्रात. पिल्लं सुईसारखी बारीक असताना भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळवनात वाढतात आणि मोठी झाली की अंडी घालायला परत समुद्रात जातात. फिलिपाइन्समध्ये त्याला बांगुस म्हणतात. तिथं, इंडोनेशियात आणि तैवानमध्ये लोक शेकडो वर्षं किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यातून ही पिल्लं बारीक जाळ्यानं गोळा करत आले आणि तळ्यांत सोडून वाढवत आले. पुढे माणसानं या माशाची अंडी आपल्या देखरेखीखाली मिळवायला शिकून घेतलं. आपल्या देशात ते २०१५ साली चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना साधलं. गोव्यात खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खाजण जमिनी आहेत. बांधातल्या दाराला मानस म्हणतात. तिथंही जाळं लावतात ते ओहोटीला, पाणी बाहेर पडताना.

मी काकांना विचारलं, "पावसाळ्यातही असंच करता?" ते म्हणाले, "समुद्रावरच्या यांत्रिक बोटी दोन महिने बंद असतात. माशांना अंडी घालू दे, पिल्लं होऊ दे, म्हणून." ते खरंच आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पूर्वी बंदीचा कायदा नव्हता तेव्हाही कोळी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होड्या पाण्यात घालत.

आता परत आपल्या गावी येऊ.

जूनमध्ये शाळा उघडली. तीच मुलं पाचवीत गेली आणि मीही त्यांच्याबरोबर पाचवीत आले. पहिल्याच आठवड्यात त्या मुलाला फळ्याशी बोलावलं आणि खाडीचं जाळं समजावून सांगितलं. त्यानं एकदा ऐकलं आणि खडू घेऊन खुंट, जाळं, पाणी सगळं बरोबर काढलं. तिथीचं गणितही दिलं. "षष्ठीला भरती कधी?" बोटं मोजत म्हणाला, "साडेचार." गणितात कच्चा, असं मीच त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं.

मग तो म्हणाला, "बाई, आपल्या वड्याला बी तसंच व्हतं. पयला पाऊस पडला की मासं वर चढत्यात. काल लई घावलं लोकास्नी. मच्छरदाण्या लावल्यात्या."

हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. पहिला मोठा पाऊस झाला, ओढे-नाले वाहू लागले की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. त्यांना उथळ, नव्या पाण्यात, शेतांच्या कडेला अंडी घालायची असतात. हे चढणीचे मासे. अरुंद ओढ्यात दाटीनं येतात, त्यामुळे धरायला अक्कल लागत नाही. मच्छरदाणी आडवी लावा नाहीतर टोपली लावा, भरलीच. आणि त्यातल्या कितीतरी माद्यांची पोटं अंड्यांनी टम्म असतात.

खोटं कशाला बोलू? माझं माहेर कोयनेकाठचं. लहानपणी चढणीच्या माशांची आम्ही वाट पाहायचो. आई गाभोळी तव्यावर भाजायची आणि आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो. गाभोळी म्हणजे माशाची अंडी हे ठाऊक होतं. एका गाभोळीत किती मासे असतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. एक किलोच्या रोहूच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात! सगळी जगत नाहीत. पण एकही घातलं गेलं नाही, तर जगायचं कोण?

त्या मुलाला विचारलं, "मग तुमच्या घरचे गेले होते का ओढ्यावर?"

"न्हाई. आजा जाऊ देत न्हाई. म्हंतो, आता धरलं तर दिवाळीला काय धरायचं?"

वर्गात एकच गलका झाला. एक जण म्हणाला, "आम्ही नाही धरले तर दुसरे धरतील." दुसरी म्हणाली, "बाई, आमच्यात दोनच किलो आणले. तेवढ्यानं काय होतंय?" एक जरा मोठा मुलगा म्हणाला, "२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ नदीत हजारो मासे मरून पडले होते. पप्पांनी दाखवलं होतं. ते घाण पाण्यानं मेले. त्याचं काय?" आणखी एकानं सांगितलं, वरच्या गावाला डोहात जिलेटिनच्या कांड्या टाकून मासे मारतात.

मुलांनो, प्रश्न सगळे खरे आहेत. पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ सालच्या कायद्यापासून बंदी आहे. त्यात मोठा मासा मरतो, पिल्लं मरतात, अंडीही जातात. नदीत घाण सोडणं तर त्याहून मोठा गुन्हा, आणि ते थांबवणं मोठ्या माणसांचं काम आहे. हे मी पालकांसाठीच लिहितेय. पण पहिल्या पावसात ओढ्यावर टोपली घेऊन कोण जातं? आपणच. त्यामुळे तेवढं तरी आपल्या हातात आहे.

त्या मुलाच्या घरी पावसाळ्यात पैशाची ओढ असते, हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी त्यानं वह्या ऑगस्टमध्ये घेतल्या. ज्यांचं पोट माशावर आहे ती माणसं त्या दिवसांत थांबतात. ज्यांच्या घरी मासा एका दिवसाची चैन, ते आम्ही मच्छरदाण्या घेऊन धावतो. हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, आणि गाभोळीवरून केलेली भांडणं आठवून मला जरा लाजच वाटली.

मग वर्गात मी विचारलं, "पहिल्या पावसापासून दोन महिने ओढ्यातला चढणीचा मासा धरायचा नाही, हे कोण कोण पाळेल?" कुणावर सक्ती केली नाही. छत्तीसपैकी एकवीस हात वर आले. माझा धरून बावीस. उरलेल्यांवर रागावले नाही. त्यातल्या एकीनं प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, मी नाही धरणार, पण घरी आणले तर खाणार." तिला कोणत्या तोंडानं रागावू?

आता तुमच्यासाठी तीन कामं.

एक, पंचांग किंवा कॅलेंडर घ्या आणि येत्या आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाची भरतीची वेळ पाउणकीनं काढा. कोकणात कुणी नातेवाईक असतील तर त्यांना फोन करून ताळा बघा.

दोन, घरातल्या किंवा गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी आपल्या नदीत कोणकोणते मासे मिळायचे? मरळ, वाम, शिंगटा, आणखी कोणते? त्यातले आता कोणते दिसत नाहीत? नावं लिहून मला पाठवा.

तीन, पहिल्या पावसात ओढ्यावर जायचंच असेल तर टोपली न घेता जा, आणि मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं. लांब उभं राहून मासे कसे चढतात ते बघा. एखादा मासा दगडावरून उडी मारतो, पडतो, पुन्हा मारतो. किती वेळा मारतो, ते मोजा.

माझ्या वर्गातल्या त्या मुलानं एका माशाच्या उड्या मोजल्या. अकरा. बाराव्या उडीला तो वर गेला.

पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमच्या,
बाई